बरणी : फ्लॉरेन्सची आणि आपली

हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये जा, खिडकीत नाहीतर कॉटखाली घरून आलेलं लोणचं सापडणारच. कुणाचं प्लॅस्टिकच्या डब्यात, कुणाचं जुन्या काचेच्या बाटलीत, कुणाचं स्टीलच्या डब्यात. चिनीमातीच्या बरणीत मात्र कुणाचंच नसतं, कारण अंबडहून किंवा परतूरहून एसटीत बरणी आणायची म्हणजे ती मांडीवर घेऊन बसावं लागतं, आणि एवढं करूनही जालना स्टँडवर उतरताना ती कुणाच्या तरी सॅकला धडकतेच. घरी मात्र ती असते. वर तपकिरी, खाली पांढरी, तोंडाला फडकं बांधलेली.

या लेखात बरणीचंच सांगायचं आहे. आपल्या बरणीचं, आणि तिच्या एका लांबच्या बहिणीचं. ही बहीण पंधराव्या शतकातली, इटलीतल्या औषधाच्या दुकानातली. लायब्ररीत मटेरियल सायन्सचं एक पुस्तक चाळताना सिरॅमिकच्या प्रकरणात मला तिचा फोटो दिसला, आणि सबमिशन बाजूला ठेवून मी तिच्यामागे लागलो. (सबमिशन नंतर केलं, सरांनी काळजी करू नये.)

तिचं नाव अल्बारेल्लो. आकार नळकांड्यासारखा, पण मध्ये कमरेत थोडा आत गेलेला. ही कंबर शोभेसाठी नाही. औषधवाल्याच्या फळीवर अशा बरण्या एकमेकींना चिकटून ओळीने उभ्या असायच्या. त्यातली एक ओढून काढायची तर बोटं शिरायला जागा हवी, ती जागा कंबर देते. तोंडाच्या काठाला बाहेर वळलेली कड असते, कारण या बरणीला बहुधा झाकण नसायचं. तोंडावर चर्मपत्र किंवा कापड टाकून कडेखाली दोरीने आवळून बांधत. आपल्याकडे आजी बरणीला दादरा बांधते तो याच पद्धतीने, आणि आपल्या बरणीची मानही त्यासाठीच अशी असते. पोटावर औषधाचं नाव लॅटिनमध्ये, बहुतेक वेळा तोडून लिहिलेलं. म्हणजे भांडं आणि लेबल एकच, धुतलं तरी न जाणारं.

फ्लॉरेन्स शहरात सांता मारिया नुओव्हा नावाचं हॉस्पिटल आहे. फोल्को पोर्तिनारी याने ते १२८८ साली काढलं. या हॉस्पिटलच्या औषधखान्यासाठी १४३१ च्या सुमारास जुन्ता दि तुजो नावाच्या कुंभाराकडून जवळजवळ हजार भांडी घेतली गेली. पांढऱ्या झिलईवर जाड निळ्या रंगात ओकच्या झाडाची पानं, आणि कुबडीचं चिन्ह. कुबडी ही त्या हॉस्पिटलची खूण होती. या ऑर्डरमधली म्हणून ओळखली जाणारी काही भांडी आज युरोप-अमेरिकेच्या म्युझियममध्ये आहेत. हजार भांडी एका गिऱ्हाइकाला म्हणजे हे हौसेचं काम नव्हतं, सरळसरळ प्रॉडक्शन होतं.

त्या काळातल्या इटालियन औषधवाल्याच्या फळीवर काय काय असे, हे वाचताना मला खरी गंमत वाटली. मिरी होती. पाकात मुरवलेलं आलं होतं, जे पूर्वेकडून सिरियामार्गे यायचं, आणि दमास्कसच्या बरण्यांतूनच यायचं. इटलीच्या लोकांनी आधी या आयात बरण्या पाहिल्या, मग तशा स्वतः केल्या. आणि 'मिराबोलानी' नावाची फळं होती, पाच प्रकारची. त्यातली 'एम्ब्लिक' म्हणजे आपला आवळा, 'बेलेरिक' म्हणजे बेहडा आणि 'केबुली' म्हणजे हिरडा. आमलकीचं अरबीत अमलज झालं आणि पुढे युरोपात एम्ब्लिक. ही फळं वाळवून जात, तशी मुरवूनही जात. म्हणजे फ्लॉरेन्सच्या बरणीत, ओकच्या पानांच्या मागे, आपला त्रिफळा आणि मोरावळ्याचा कुणीतरी चुलतभाऊ बसलेला असू शकत होता. पुढे गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या पुस्तकात या फळांवर वेगळा संवाद लिहिला, त्यांची इथली नावं देऊन.

नावाचंही एक आहे. अरबीत मातीच्या बरणीला 'बर्निय्या' म्हणतात आणि अल्बारेल्लो हा शब्द त्यावरूनच आला असं काही जाणकार मानतात. आपली 'बरणी' कानाला तरी त्याच घरातली वाटते. असो, भाषेचं काम भाषावाल्यांचं. आपण मातीकडे वळू.

माती भाजली की ती सच्छिद्र राहते. माठ गार राहतो तो याच गुणामुळे, पाणी झिरपतं आणि बाष्पीभवन होतं. पण माठात तेलाचं लोणचं घालून बघा, आठवड्यात माठ बाहेरून तेलकट होईल. औषधाचा पाक, मलम, लोणचं ठेवायचं तर भांड्याला काचेचा थर हवा. झिलई म्हणजे तेच, मातीवर वितळवून बसवलेली पातळ काच. आता काच वितळवायची तर अडचण अशी की शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं. आपल्या एमआयडीसीतल्या स्टीलच्या भट्ट्यासुद्धा १६०० च्या आसपास काम करतात. लाकडावर चालणाऱ्या कुंभाराच्या भट्टीला ते कसं जमणार? म्हणून सिलिकात असं काहीतरी घालायचं की ती लवकर वितळेल. यालाच फ्लक्स म्हणतात. फ्लॉरेन्सच्या कुंभाराचा मुख्य फ्लक्स होता शिशाचा ऑक्साइड. शिसं घातलं की साधारण ९५० अंशांत झिलई छान वितळते, आरशासारखी चमकते, पसरते, भोकं राहत नाहीत. कुंभाराला याहून सोयीचं काही नाही.

पण शिशाची काच पारदर्शक. तिच्याखालून मातीचा तांबूस-पिवळा रंग दिसणारच. आणि गिऱ्हाइकाला पाहिजे होतं पांढरंशुभ्र, चिनी भांड्यासारखं. चीनकडे पांढरी केओलिन माती होती आणि १३०० अंशांपर्यंत जाणाऱ्या भट्ट्या होत्या. या दोन्ही गोष्टी बगदाद-बसऱ्याकडच्या कुंभारांकडे नव्हत्या. नवव्या शतकाच्या आसपास त्यांनी जी युक्ती काढली तीच पुढे स्पेनमार्गे इटलीला पोहोचली. झिलईत कथलाचा ऑक्साइड मिसळायचा. तो काचेत फारसा विरघळत नाही, बारीक कणांच्या रूपात तरंगत राहतो. काचेचा अपवर्तनांक दीडच्या आसपास, कथलाच्या ऑक्साइडचा दोनच्या आसपास. प्रकाश आत शिरला की प्रत्येक कणावर वळतो, विखुरतो, आणि खालच्या मातीपर्यंत न पोहोचताच परत येतो. आपल्याला दिसतं पांढरं. दूध पांढरं दिसतं त्याचंही कारण हेच, तिथे स्निग्धाचे कण असतात आणि इथे कथलाचे. शेकडा पाच-दहा भाग कथील पुरतं.

म्हणजे मित्रांनो, ती बरणी पांढरी नाहीच. ती साधी, कमी भाजलेली, मळकट मातीची बरणी आहे, जिने पांढरा बुरखा घेतला आहे. काठाला टवका उडाला की आतली माती लगेच दिसते. इटलीत या भांड्यांना 'मायोलिका' म्हणतात, मायोर्का बेटाच्या नावावरून, कारण स्पेनची भांडी त्या बाजूने जहाजातून यायची.

रंगवायची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. भांडं एकदा भाजून, झिलईच्या पाण्यात बुडवून वाळवायचं. मग त्या न भाजलेल्या, पिठासारख्या थरावर रंग लावायचा. थर रंग टिपकागदासारखा ओढून घेतो, त्यामुळे एकदा रेघ मारली की मारली. खोडरबर नाही. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, मँगनीजचा जांभळा-तपकिरी, अँटिमनीचा पिवळा. मग दुसऱ्यांदा भट्टीत. चिप्रियानो पिकोलपासो याने १५५७ च्या सुमारास या सगळ्या धंद्यावर चित्रांसह पुस्तक लिहिलं, भट्टी कशी बांधायची इथपासून. आपल्या वर्कशॉप मॅन्युअलचे पूर्वजच म्हणा.

इथे मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांसाठी एक मुद्दा. झिलई आणि माती भट्टीतून एकत्र थंड होतात, पण दोघींचं आकुंचन सारखं नसतं. झिलई जास्त आकसली तर ती ताणात जाते, आणि काच ताणात कमजोर, म्हणून तिच्यावर केसासारख्या भेगांचं जाळं पडतं. जुन्या कपबशीवर ते जाळं सगळ्यांनी पाहिलं असेल. माती थोडी जास्त आकसली तर झिलई दाबात राहते आणि टिकते. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचं तत्त्व वेगळं नाही. इटलीच्या कुंभारांकडे चुन्याचं प्रमाण भरपूर असलेली माती होती, ती भाजल्यावर झिलईच्या जोडीने नीट आकसते. त्यांना एक्स्पान्शन कोएफिशिअंट माहीत नव्हता, पण कुठल्या नदीकाठची माती आणायची हे पक्कं माहीत होतं. आपल्याकडे चुनखडी आहे, पण खड्यांच्या रूपात. असा खडा भांड्यात राहिला तर भाजताना त्याचा कळीचा चुना होतो, नंतर तो हवेतलं पाणी पितो, फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो. आणि काळी माती तर वाळतानाच तडकते, शेतातल्या भेगा आपण दर उन्हाळ्यात बघतो. म्हणून आपला कुंभार गाळाची माती शोधतो, चाळतो, तिच्यात राख आणि लीद मिसळतो.

आपल्या भागात ही कथलाची विद्या कुठे बघायला मिळते? इटालियन बरणी नको, पण तिचे नातलग आहेत. लातूर-उदगीर ओलांडलं की बीदर. तिथे बहमनी वजीर महमूद गावान याने १४७२ साली मदरसा बांधला. फ्लॉरेन्सच्या त्या ऑर्डरनंतर चाळीसच वर्षांनी. विद्यार्थी तिथेच राहून शिकत, म्हणजे ते हॉस्टेलसकट कॉलेजच. औरंगजेबाच्या काळात आत साठवलेल्या दारूचा स्फोट होऊन बरीच इमारत पडली, तरी दर्शनी बाजूला आणि मिनारावर निळ्या, हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्या झिलईच्या फरशा अजून दिसतात. हे काम इराणी परंपरेतलं, आणि त्या परंपरेत अपारदर्शक पांढऱ्यासाठी कथीलच वापरत. दुसरी जागा पणजीची. गोवा ट्रिपला गेलात तर बीचवर जाण्याआधी दहा मिनिटं काढून इन्स्टिट्यूट मेनेझेस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात जा. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांची मोठी चित्रं आहेत, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातली. ती १९३५ सालची आहेत, पण 'अझुलेजो' नावाची ही कला मायोलिकाच्याच कुळातली.

खरं तर कथील आपल्या घरातही होतं, फक्त वेगळ्या कामावर. कल्हई! पितळेचं पातेलं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने पुसायचं. आतून चांदीसारखं चकचकीत. आंबट आमटी तांब्या-पितळेला लागून कळकू नये म्हणून ही योजना. गंमत बघा, धातू एकच, पण इटलीच्या बरणीत तो दिसण्यासाठी आणि आपल्या पातेल्यात पोट सांभाळण्यासाठी. आणि इटलीच्या बरणीत पोटाची बाजू नेमकी लंगडी होती.

कारण शिसं. झिलईतलं शिसं काचेत बांधलेलं असतं खरं, पण झिलई कमी भाजली गेली असेल किंवा मिश्रण बरोबर नसेल तर आंबट पदार्थ ते हळूहळू सोडवतो. व्हिनेगर, लिंबू, चिंच, कैरी सगळेच त्यात आले. शिशाला चव नाही, वास नाही. शरीरात गेलेलं शिसं हाडांत साठतं, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सगळ्यात वाईट. त्या काळच्या औषधात मध आणि व्हिनेगरची पातळ मिश्रणं सर्रास असायची. त्यांना तोटीची वेगळी भांडी असत, पण झिलई तीच. रोग्याला औषधातून थोडं शिसं मिळत असेल, कुंभाराला मात्र रोजच मिळायचं. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन डॉक्टरने १७०० साली कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. त्यात कुंभारांवर प्रकरण आहे: झिलईसाठी शिसं दळणाऱ्या कुंभारांचे आधी हात कापतात, मग ते लुळे पडतात. म्युझियमच्या पाटीवर सगळं लिहिलेलं असतं, कोबाल्ट, ओकची पानं, हॉस्पिटलची कुबडी. ती भट्टी पेटवणाऱ्याच्या हातांबद्दल मला तरी कुठल्या पाटीवर वाचायला मिळालं नाही.

आता आपली बरणी. तिला आपण चिनीमातीची म्हणतो, पण ती पोर्सेलिन नव्हे, स्टोनवेअर. माती अशी की १२०० ते १२५० अंश सोसते आणि तेवढ्या उष्णतेत स्वतःच अर्धी काचेसारखी होते. एवढी उष्णता असल्यावर झिलईत शिशाची गरजच उरत नाही. फेल्डस्पार हा साधा खडक फ्लक्सचं काम करतो. वरचा तपकिरी भाग म्हणजे लोहाचा अंश असलेली झिलई. म्हणजे इटलीच्या कुंभाराने जे शिसं घालून साधलं, ते इथे तीनशे अंश जास्त उष्णता देऊन साधलं. माझ्या मते बरणीची सगळी गोष्ट या तीनशे अंशांत आहे.

अशा बरण्या करणाऱ्या मोठ्या जागा सौराष्ट्रात आहेत, आणि तिथे एक मराठी नाव आहे हे मला हा लेख लिहितानाच कळलं. १९१३ च्या सुमारास परशुराम गणपुले या मराठी गृहस्थांनी थानगढला पॉटरीचा कारखाना काढला, आणि परशुराम पॉटरी पुढे मोरबी-वांकानेरपर्यंत पसरली. त्याच काळात आपल्याकडे तळेगावला लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंडाचा काच कारखाना चालू झाला होता, १९०८ साली. स्वदेशीचे दिवस होते ते. मोरबी आज फरशांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या हॉस्टेलच्या बाथरूममधली पांढरी टाइलसुद्धा इटलीच्या बरणीच्याच तत्त्वावर पांढरी आहे, फक्त महाग कथलाच्या जागी झिर्कॉन आलं. सकाळी नंबर लावून उभे असाल तेव्हा जरा निरखून बघा, वेळ बराच असतो.

तर लोणचं कशात ठेवायचं? माझ्या रूम पार्टनरच्या स्टीलच्या डब्यात कैरीचं लोणचं होतं. तीन महिन्यांनी झाकणाच्या आत बारीक तपकिरी खड्डे दिसले. 'स्टेनलेस' वाचून त्याला कंपनीचा राग आला, पण कंपनीचा दोष नाही. स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य थर असतो, मिठातलं क्लोराइड तो जागोजागी फोडतं आणि तिथेच खड्डा पडतो. आपण जालन्याला राहतो, स्टीलची बदनामी करायची नाही, पण मीठ आणि आंबट महिनोन्‌महिने एकत्र असेल तर स्टील नको. काच उत्तम. स्टोनवेअरची बरणी उत्तम. प्लॅस्टिक घ्यायचं तर खाण्याच्या पदार्थासाठी बनवलेलं, रंगाची किंवा केमिकलची रिकामी बादली धुऊन नव्हे. आमच्या विंगमध्ये हेही पाहिलं आहे.

आणि बरणी विकत घेताना किंवा घरातली जुनी बघताना तिला उलटी करा. बुडाची कड झिलईशिवाय सोडलेली असते, नाहीतर भट्टीत ती फळीला चिकटली असती. त्या कडेवर पाण्याचा थेंब टाका. थेंब तसाच बसून राहिला तर बरणी चांगली भाजलेली, स्टोनवेअर. माठासारखा लगेच पिऊन टाकला तर माती कमी भाजलेली, आणि मग एवढी चमकणारी झिलई कमी उष्णतेत कशाच्या जोरावर वितळली, हा प्रश्न विचारायलाच हवा. उत्तर शिसंच असेल असं नाही, बिनशिशाच्या कमी तापमानाच्या झिलयाही आता निघतात. पण विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर त्यात फुलं ठेवा, पेनं ठेवा, लोणचं आणि चिंचेची चटणी नको. बोटाने चाचपल्यावर आतल्या बाजूला रंग उठावाने हाताला लागत असेल तर तेही भांडं आंबटासाठी नको. टिचकी मारून बघा, चांगली बरणी ठण्ण वाजते, तडा गेलेली बद्द. आणि आतून भेगांचं जाळं पडलेल्या बरणीत लोणचं घालू नये, तेल-मसाला त्या भेगांत शिरतो, धुऊन निघत नाही आणि पुढच्या वर्षीचं लोणचं नासतं. आमची आजी अशी बरणी मिठाला काढायची.

एसटीत बरणी न्यायचीच असेल तर आधी आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, बाहेरून चादर गुंडाळा, आणि लोणचं वेगळं न्या.